नाव कुणाच्या मस्टरवर?



सोयरीक जमवायला माणसं येतात, चहा होतो, आणि मग कुणीतरी विचारतं, "मुलगा कशात आहे?" समोरून उत्तर येतं, "नगरपालिकेत आहे." तेवढ्यावर कुणाचंच समाधान होत नाही. लगेच दुसरा प्रश्न येतो, "पर्मनंट आहे, की ठेक्यावर?" त्या एका शब्दावर पुढची सगळी बोलणी फिरतात. काम तेच असतं. तोच झाडू, तीच गाडी, तीच पहाटेची पाळी. तरी एकाला मुलगी मिळते आणि दुसऱ्याला "बघू, कळवतो" असं उत्तर मिळतं.

आपल्याकडे म्हणायचे, उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी. ही म्हण उलटी कधी झाली? आणि शहराच्या नोकरीतला हा 'पर्मनंट' शब्द आला कुठून? आजच्या भागात आम्ही त्याचीच हकीकत सांगणार आहोत. त्यासाठी मुंबईच्या महानगरपालिकेची गोष्ट घेतली आहे. ती आपल्या राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका आहे आणि तिच्या सफाईच्या कामावर आपल्याच कोकणातली, देशावरची, मराठवाड्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबली आहेत.

सुरुवात दीडशे वर्षांपूर्वीपासून करू. १८६० नंतर मुंबई झपाट्याने वाढत होती. कापसाचा व्यापार, मग गिरण्या, मग गोदी. माणसं येत होती, पण मैला वाहून नेणारी गटारं बहुतेक वस्त्यांत नव्हती. घरामागच्या बोळात संडास असायचा, त्याखाली टोपली. ती टोपली उचलून डोक्यावरून नेणारी माणसं वेगळी होती. सरकारी कागदात त्यांना 'हलालखोर' म्हणत. गुजरात-काठियावाडातून आलेली कुटुंबं या कामात बरीच होती. रस्ते झाडण्याच्या आणि कचरा उचलण्याच्या कामावर कोकणातून आणि देशावरून आलेली महार कुटुंबं मोठ्या संख्येने होती. बायका आणि पुरुष दोघंही हे काम करत. बायकांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी असे.

आधी हा व्यवहार बराचसा घरमालक आणि हलालखोर यांच्यात थेट चाले, आपल्याकडच्या बलुत्याची आठवण व्हावी असा. पुढे शहराच्या कारभाराने तो हळूहळू आपल्या हातात घेतला. १८८८ साली मुंबई महापालिकेचा कायदा झाला. आजही मुंबईचा कारभार त्याच कायद्याने चालतो. त्यात पाणीपट्टीसारखाच 'हलालखोर कर' नावाचा एक कर होता. म्हणजे घरमालकाने कर महापालिकेला द्यायचा आणि महापालिकेने माणूस ठेवून पगार द्यायचा. अशा रीतीने झाडूवाल्याचं, टोपलीवालीचं नाव शहराच्या हजेरीपटावर आलं. कामगारांच्या बोलीत हजेरीपटाला 'मस्टर' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट या मस्टरभोवतीच फिरते.

मस्टरवर नाव आलं म्हणून लगेच सुख आलं का? नाही. उलट दोनच वर्षांनी, १८९० साली, मुंबई इलाख्यात आणखी एक कायदा झाला. लोकांच्या आरोग्याशी आणि सुरक्षिततेशी संबंध असलेल्या ठरावीक पालिका नोकरांनी आगाऊ सूचना न देता काम सोडलं, तर तो गुन्हा ठरायचा. झाडूवाली रागाने काम सोडून गावी निघाली, तर तिला कोर्टात उभं करता येत होतं. या कामाला समाज सगळ्यात खालचं मानत होता आणि त्याच कामावाचून शहराचं एक दिवसही चालत नव्हतं. म्हणून तर कायद्याचा दोर बांधावा लागला.

सहाच वर्षांनी याची प्रचिती आली. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईत प्लेग शिरला. शहराची वस्ती तेव्हा आठ लाखांच्या वर होती. पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ अर्धं शहर रिकामं झालं. जो तो बोचकं बांधून गावाकडे निघाला. प्लेगची तपासणी, रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेणं, घरं रिकामी करणं यामुळे लोक भडकले होते. त्या वेळचे महापालिका आयुक्त स्नो यांना सगळ्यात मोठी धास्ती कशाची होती? सफाई कामगार पळून जातील याची. ते गेले तर शहरात राहणंच अशक्य होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून प्लेगची सक्ती किती ताणायची याचा विचार करताना या कामगारांच्या मनाचा अंदाज घ्यावा लागला.

आता तुम्ही विचाराल, शहर इतकं त्यांच्यावर अवलंबून होतं, तर त्यांचे पगार का वाढले नाहीत? आम्हालाही हाच प्रश्न पडला. त्याची दोन कारणं दिसतात.

पहिलं कारण मताचं. १८८८ च्या कायद्याने महापालिकेत ७२ सभासद होते. त्यांना निवडण्याचा अधिकार कर भरणाऱ्यांच्या आणि प्रतिष्ठितांच्या हाती होता. ज्याच्या नावावर घर नाही, कर नाही, त्याला मत नाही. मत नसलेल्याचा पगार वाढवला तर कर भरणारा नाराज होणार, आणि निवडून देणारा तर तोच! म्हणून पैसे वाचवायचे ते तळातल्या पगारातून.

दुसरं कारण मुकादमाचं. मस्टर महापालिकेचं असलं तरी ते मुकादमाच्या हातात असे. कामावर घ्यायचं कुणाला, गैरहजेरी मांडायची कुणाची, बदलीवर कुणाला उभं करायचं, हे तो ठरवायचा. काम मिळवायला पैसे, काम टिकवायला पैसे. ते पैसे सावकाराकडून काढायचे आणि पगाराच्या दिवशी सावकार दारातच उभा. म्हणजे सरकारी नोकरी विकत घ्यायची रीत आजची नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत झाडूच्या नोकरीलाही भाव होता.

यातली पहिली गाठ हळूहळू सुटत गेली. १९२२ साली मुंबईत महिना दहा रुपये भाडं भरणाऱ्यांना मत मिळालं आणि बायकांनाही महापालिकेची दारं उघडली. १९२३ मध्ये अवंतिकाबाई गोखले महापालिकेत सभासद म्हणून गेल्या. पण झाडूवालीचं भाडं दहा रुपये कुठून असणार? तिच्यापर्यंत मत पोचायला आणखी पंचवीस वर्षं लागली. १९४८ साली मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मतदानाने झाली. तेव्हा रस्ता झाडणारी बाई आणि त्या रस्त्यावरच्या बंगल्याचा मालक यांचं मत पहिल्यांदा सारखं मोजलं गेलं.

दरम्यान संघटना उभी राहत होती. १९३५ च्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ स्थापन झाला. १९३८ मध्ये मुंबई सरकारने संपावर बंधन आणणारं विधेयक मांडलं, तेव्हा बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. मनाविरुद्ध काम करायला लावणं म्हणजे गुलामी, आणि संप हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव, असा त्यांचा मुद्दा होता. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत त्याविरुद्ध एक दिवसाचा मोठा संप झाला. १८९० च्या त्या कायद्याची आठवण ठेवून हा मुद्दा ऐकला, म्हणजे त्यातली धग कळते. पुढे १९५० नंतर जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी मुंबईच्या पालिका कामगारांच्या संघटना बांधल्या. एका हातात मत आणि दुसऱ्या हातात संघटना आली, तेव्हा कुठे मस्टरवरच्या नावाला वजन आलं.

त्या वजनात काय काय होतं? दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पगार. महागाई भत्ता. भरपगारी रजा आणि बाळंतपणाची रजा. आजारपणात इस्पितळ. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन. काहींना महापालिकेच्या चाळीत एक खोली. आणि मुकादमाच्या लहरीवर काढून टाकता येणार नाही अशी हमी. 'पर्मनंट' या शब्दाच्या पोटात हे सगळं आहे. गावाकडे येणारी मनीऑर्डर, धाकट्या दिरांची शिक्षणं, दुष्काळात विकावं न लागलेलं शेत, हेही त्याच शब्दाच्या पोटात होतं.

१९४९ मध्ये मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करायला बर्वे समिती नेमली. पुढे १९७० च्या दशकात लाड-पागे समितीच्या शिफारशी आल्या. सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला, तर त्याच्या वारसाला नोकरी द्यावी, अशी व्यवस्था महाराष्ट्रात त्यातून आली. विधवा झालेल्या अनेक बायका या हक्काने पालिकेच्या मस्टरवर आल्या. नवऱ्यामागे चूल पेटती राहिली, चाळीतली खोली राहिली.

पण याची दुसरी बाजूही आपण बघायला हवी. खोली नोकरीला बांधलेली. नोकरी गेली की खोली गेली. मग खोली राखायची तर घरातल्या कुणाला तरी झाडू धरायलाच हवा. पोरगी बारावी झाली, पदवीधर झाली, तरी वारसाहक्काने मिळणार ते सफाईचं काम. म्हणजे ज्या कायद्याने घर तारलं, त्यानेच जातीचं काम जातीच्या गळ्यात राहिलं. गटारात आणि सेप्टिक टाकीत उतरून गुदमरलेल्यांची नावं वाचली तर ती कुठल्या वस्तीतली असतात, हे सांगायला नको. हातांनी मैला उपसण्यावर बंदीचे कायदे १९९३ आणि २०१३ असे दोनदा झाले. तरी बातम्या थांबलेल्या नाहीत.

शहराची नोकरी अशी मौल्यवान झाली, तेव्हा ती कुणाला मिळावी हा राजकारणाचा प्रश्न झाला. १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली ती मुंबईतल्या नोकऱ्यांत मराठी माणसाला डावललं जातं या तक्रारीवर. 'मार्मिक' साप्ताहिकात कचेऱ्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत. अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि पुढे इतर मागासवर्गासाठी राखीव जागा आल्या. १९९४ च्या महिला धोरणानंतर महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत बायकांसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या. कुणाला कुठली बाजू पटो, एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली होती. पगाराची हमी असलेली जागा म्हणजे घराच्या पुढच्या दोन पिढ्या. त्यासाठी माणसं भांडणारच.

आणि नेमकं याच काळात त्या जागाच कमी व्हायला लागल्या.

हे कसं झालं ते समजून घ्यायला आपल्याला जरा जमाखर्च बघायला लागेल. बचत गटाची वही लिहिणाऱ्या बायांना हे अवघड नाही. शहराची कमाई मुख्यतः कशातून यायची? घरपट्टी, पाणीपट्टी आणि जकात. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावरच वसूल होणारी जकात हा महापालिकांचा स्वतःचा, रोजचा, रोख पैसा होता. व्यापाऱ्यांचा तिला विरोध होता. ट्रक तासन्‌तास नाक्यावर अडायचे आणि लाचही चालायची, ही तक्रार खरीच होती. महाराष्ट्रात १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली. महापालिकांत तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. मुंबईची जकात सगळ्यात शेवटी, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा संपली. त्याच्या बदल्यात राज्य सरकार भरपाई देतं. पण स्वतः कमावलेला पैसा आणि दुसऱ्याने दिलेला पैसा यातला फरक आपल्याइतका कुणाला कळणार?

खर्चाकडे बघा. पगार आणि पेन्शन यांना हिशेबात 'आस्थापना खर्च' म्हणतात. हा खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर गेला, तर नव्या नोकरभरतीला परवानगी मिळणं अवघड, असा सरकारचा दंडक आहे. दंडकामागचा हेतू समजण्यासारखा आहे. सगळा पैसा पगारातच गेला तर पाण्याची पाइपलाइन कशातून टाकायची? रस्ता कशातून करायचा?

पण यात एक पळवाट आहे. महापालिकेने दहा माणसं मस्टरवर घेतली, तर त्यांचा पगार आस्थापना खर्चात दिसतो. तीच दहा माणसं ठेकेदाराकडून आणली, तर ठेकेदाराचं बिल दुसऱ्याच सदरात पडतं. वर आस्थापना खर्च आटोक्यात दिसतो. आपल्यातली एखादी जण रोखीचा किराणा एका वहीत आणि उधारीचा दुसऱ्या वहीत लिहील आणि पहिली वही दाखवून म्हणेल, "बघा, या महिन्यात खर्च किती कमी!" तसंच हे आहे.

ठेका स्वस्त पडतो असं सांगतात. मग आपण विचारायला हवं, की वाचलेला पैसा कुणाच्या ताटातला? ठेकेदार नफा घेणार, वरचे हप्ते देणार, तरीही बिल कमी लावणार. मग हे भागतं कशातून? मजुरीतून, पीएफमधून, सुट्टीच्या पगारातून, हातमोज्यांतून आणि गमबुटांतून. शिवाय ठेक्याच्या माणसांना राखीव जागांची बिंदुनामावली लागू होत नाही. बायकांसाठी ३० टक्के कागदावर आहेत, पण पदच भरलं नाही तर तीस टक्के कशाचे? राखीव जागा अशा आवाज न करता आटतात.

कायम कामगारांबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत, त्या आम्ही झाकणार नाही. काही जण सही करून घरी जातात, काही जण आपल्या जागी दुसऱ्याला चार पैसे देऊन उभं करतात. घरपट्टी भरणाऱ्या बाईला हे दिसतं आणि तिला राग येतो. तो राग रास्त आहे. पण यावर इलाज म्हणजे हजेरी नीट घेणं. त्याऐवजी मस्टरच काढून टाकलं, तर प्रामाणिकपणे झाडणारीलाही शिक्षा होते.

मुंबईत १९९० च्या दशकात कचरा उचलण्याचं काम मोठ्या प्रमाणात ठेक्यावर गेलं. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे वीस किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तिथेच कंत्राटी कामगारांचा कायदा लागू होई. मग काय केलं? लहान लहान ठेके दिले, प्रत्येकात माणसं विसापेक्षा कमी. काही ठिकाणी तर कामगार हा शब्दच काढून टाकला. वस्ती सफाईच्या योजनेत राबणाऱ्यांना 'स्वयंसेवक' म्हटलं आणि मजुरीला 'मानधन'. स्वयंसेवकाला किमान वेतन नसतं, पीएफ नसतो, सुट्टी नसते. शब्द बदलला की हक्कही बदलतो.

याविरुद्ध १९९७ मध्ये कचरा वाहतूक श्रमिक संघ नावाची संघटना उभी राहिली. त्यांचं म्हणणं साधं होतं. कचरा शहराचा, गाडी शहराच्या कामाची, देखरेख महापालिकेच्या मुकादमाची, काम बारा महिने तेरा काळ चालणारं. मग कामगार ठेकेदाराचा कसा? ठेका हा नुसता पडदा आहे. हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. ऑक्टोबर २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कामगारांना महापालिकेचे कायम कामगार मानावं असा निवाडा दिला. महापालिका उच्च न्यायालयात गेली. तिथे डिसेंबर २०१६ मध्ये निवाडा कायम राहिला. मग ती सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ एप्रिल २०१७ ला तिथेही कामगारच जिंकले.

इथे गोष्ट संपली असं वाटेल. पण आता यादी पडताळायची होती. न्यायालयातल्या यादीतलं नाव आणि कामगाराच्या आधार कार्डावरचं, रेशन कार्डावरचं नाव जुळायला हवं होतं. शेकडो कामगारांचं नाव जुळेना. कुठे स्पेलिंग चुकलं, कुठे आडनावाऐवजी बापाचं नाव, कुठे घरी हाक मारायचं नावच यादीत. ज्या मुकादमाने सांगितलेलं नाव लिहून घेतलं, त्याने कधी नीट विचारलंच नव्हतं, कारण ती नावं कुठेच टिकणार नाहीत असं सगळ्यांनी धरलेलं. मग एका वेलांटीमुळे माणसं आणखी वाट बघत राहिली. काहींचा न्याय त्यांच्या मरणानंतर आला.

हेही सांगायला हवं, की प्रत्येक ठेका कामगाराला असा निकाल मिळत नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी खटल्यात सांगितलं, की जाहिरात, परीक्षा, राखीव जागा हे सगळं टाळून मागच्या दाराने घेतलेल्यांना केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम करता येणार नाही. बाहेर उमेदवारी करणाऱ्या पोरापोरींचाही हक्क असतो, हा त्यातला मुद्दा खोटा नाही. पण मागचं दार उघडतं कोण? कामगार की कारभारी? ठेका खोटा आहे हे सिद्ध करायला औद्योगिक न्यायालयाचा रस्ता वेगळा राहतो. तिथे कागद लागतो.

पुण्यात बायकांनी आणखी एक वाट काढली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून अनेक कुटुंबं पुण्यात आली. त्यातल्या मातंग आणि बौद्ध समाजाच्या कितीतरी बायका कचऱ्यातून कागद, काच, पत्रा वेचून पोट भरत होत्या. त्या कुणाच्याच मस्टरवर नव्हत्या. लोक त्यांना चोर समजत, पोलिस हटकत. १९९३ मध्ये त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. आम्ही शहराचा कचरा कमी करतो, महापालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचवतो, म्हणून आम्ही कामगार आहोत, असं त्या म्हणाल्या. महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. बायका घरोघरी कचरा गोळा करतात, घरं त्यांना महिन्याचं शुल्क देतात आणि विकण्याजोगा कचरा त्यांचाच. ही पर्मनंट नोकरी नाही. पेन्शन नाही. करार संपत आला की दर वेळी पोटात गोळा येतो, कारण बड्या ठेकेदारांचा डोळा त्या कामावर असतो. पण मधला मुकादम आणि मधला ठेकेदार दोघंही त्यांनी दूर ठेवले, हे मोठं काम आहे.

मैत्रिणींनो, ही शहराची गोष्ट तुम्हाला का सांगितली? कारण शहराचा कारभार आता आपल्या वेशीपर्यंत आला आहे. २०१४ नंतर महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. ग्रामपंचायतीत वर्षानुवर्षं झाडणाऱ्या, पाणी सोडणाऱ्या माणसांना नव्या नगरपंचायतीत घ्यायचं की नाही, हा मोठा वाद झाला. ज्यांची नेमणूक आणि हजेरी कागदावर होती, त्यांना बोलायला जागा होती. ज्यांना सरपंचांनी तोंडी सांगून कामाला लावलं होतं, त्यांची पंचाईत झाली.

आणि 'मानधन' हा शब्द तर आपल्या घरातलाच आहे. अंगणवाडी योजना १९७५ मध्ये सुरू झाली, आशा ताई २००५ नंतर आल्या. दोघींनाही सरकार कामगार म्हणत नाही. मुंबईत वस्त्यांत फिरणाऱ्या महापालिकेच्या आरोग्य सेविकांचीही हीच कथा. त्याही वर्षानुवर्षं किमान वेतनासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. गुजरातमधल्या अंगणवाडी ताईंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं, की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. हा निकाल मानधनाच्या भिंतीला पडलेलं पहिलं मोठं भगदाड आहे.

म्हणून आमचं सांगणं असं. ग्रामपंचायतीचं, नगरपंचायतीचं, शाळेचं, दवाखान्याचं काम करत असाल, तर नेमणुकीचा कागद मागा. नसेल देत तर हजेरीच्या पानाचा फोटो ठेवा. मजुरी बँकेत घ्या, म्हणजे नोंद राहते. पीएफ कापत असतील तर नंबर लिहून घ्या आणि तो भरला जातो का ते बघा. आपलं नाव यादीत, पासबुकात आणि आधारवर एकसारखं आहे का, हे शिकलेल्या पोरीकडून अक्षर न्‌ अक्षर तपासून घ्या. मुंबईच्या त्या शेकडो जणांनी याची किंमत मोजली आहे.

आणि गटातल्या ज्या बायका पंचायतीत निवडून गेल्या आहेत त्यांच्यासाठी एक काम. पुढच्या सभेत सफाईच्या ठेक्याचं बिल मंजुरीला आलं, की रकमेआधी विचारा, "यात माणसं किती, त्यांना हातात मिळतात किती, आणि त्यांची हजेरी कोण लिहितं?" उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. पुढच्या महिन्याच्या गटाच्या बैठकीत ते वाचून दाखवा. ज्या गावांतून उत्तरं येतील, ती आम्ही याच वेळेला, याच कार्यक्रमात वाचून दाखवू.